दोन बोटे आणि पाच कागद: प्रेस शॉपमधल्या एका अपघाताची खबर कशी दिली गेली

ऑक्टोबर २०२४, पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्टा. कारखान्याची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

पार्श्वभूमी

गाड्यांच्या सीटखाली लागणारे ब्रॅकेट बनवणारा हा मध्यम आकाराचा प्रेस शॉप, म्हणजे पत्रा साच्यात दाबून आकार देणारा कारखाना. माल थेट गाडी कंपनीला जात नाही, मधल्या पुरवठादाराला जातो. माणसे ६८. त्यांतली २६ कंपनीच्या पटावर, बाकीची दोन ठेकेदारांची. पॉवर प्रेस १४, पैकी ९ जुन्या पिन क्लचच्या.

पुढचे सगळे समजण्यासाठी पिन क्लच म्हणजे काय हे माहीत हवे. या प्रेसमध्ये फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, सतत फिरत असते. पेडल दाबले की पिन किंवा 'की' नावाची खीळ फ्लायव्हीलमध्ये अडकते, क्रँक (रॅमला वर-खाली करणारा दांडा) एक पूर्ण फेरी मारतो आणि वर येऊन थांबतो. एकदा अडकली की फेरी पुरी होईपर्यंत ती सुटत नाही. रॅम, म्हणजे पत्र्यावर खाली येणारा जड भाग, अर्ध्यावर थांबवणारे बटण या यंत्रावर बसूच शकत नाही. मिनिटाला ४५ स्ट्रोक धरले तर एक फेरी सुमारे १.३ सेकंदाची, आणि रॅम खाली यायला त्याच्या निम्मा वेळ. हात बाहेर काढायला एवढाच अवधी मिळतो.

अपघात झाला तो ६३ टनी प्रेसवर, दुसऱ्या पाळीत, बुधवारी रात्री ८.४० वाजता. काम ब्रॅकेटच्या दुसऱ्या ऑपरेशनचे, म्हणजे वाकवण्याचे. ऑपरेटर २४ वर्षांचा, मराठवाड्यातून आलेला, ठेकेदाराचा माणूस, कामाला लागून ३४ दिवस झालेले. डायमधली (खालच्या साच्यातली) पीस सोडवणारी इजेक्टर स्प्रिंग तुटल्यामुळे पीस पंचाला (वरच्या साच्याला) चिकटत होता. तो हाताने ओढून काढताना रॅम खाली आला. उजव्या हाताच्या तर्जनीची आणि मधल्या बोटाची दोन-दोन पेरे गेली.

गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारे आवरण, होता, पण टूल रूमच्या रॅकवर. वाकवलेल्या पिसाची कड त्याला अडत होती आणि गार्ड लावल्यावर तासाला ६५० ऐवजी ४२० पीस निघत होते. दिवाळीआधी लोड (मालाची खेप) पाठवायचा होता.

पहिले पंधरा तास

सुपरवायझरने तुटलेली बोटे शीतपेयाच्या दुकानातून आणलेल्या बर्फात थेट टाकली. हे चुकीचे आहे. तुटलेला भाग सलाइनने ओल्या केलेल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करायचे आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवायची. बर्फ उतीला थेट लागला तर ती मरते. इथे परिणाम बदलला नसता, कारण प्रेसखाली बोट कापले जात नाही, चेंगरते, आणि चेंगरलेले बोट जोडणे बहुधा शक्य होत नाही. पण पुढच्या खेपेला शिअरिंग मशीनवर बोट स्वच्छ कापले गेले तर याच चुकीने ते कायमचे जाईल.

गाडीत बसल्यावर ठेकेदाराच्या माणसाने जखमीला सांगितले, "डॉक्टरांनी विचारलं तर शटरमध्ये हात अडकला म्हण." खासगी नर्सिंग होमच्या केसपेपरवर पहिली ओळ तशीच लिहिली गेली. तासाभराने भाऊ आला, त्याने प्रेसचे नाव घेतले, डॉक्टरांनी नोंद दुरुस्त केली आणि एमएलसी (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) करून पोलिसांना कळवले. मूळ ओळ मात्र खोडलेल्या अवस्थेत केसपेपरवर राहिली. पुढे तीन ठिकाणी तिचा खुलासा द्यावा लागला.

इकडे कारखान्यात साडेनऊला तीच प्रेस पुन्हा सुरू झाली. त्याआधी मेंटेनन्सच्या माणसाने क्लचची स्प्रिंग बदलली, इजेक्टर दुरुस्त केला आणि गार्ड नव्या बोल्टांनी बसवला. हेतू वाईट होता असे म्हणता येत नाही, कारण तिसऱ्या पाळीतल्या माणसाला तसेच उघड्या प्रेसवर बसवणे जास्त वाईट ठरले असते. पण प्रेस बंद ठेवून टॅग लावणे हा तिसरा मार्ग होता. तो कोणाला सुचला नाही, कारण लोड सकाळी जायचा होता.

पेच

गुरुवारी सकाळी साडेदहाला बैठक बसली. मालक (कायद्याच्या भाषेत भोगवटादार), फॅक्टरी मॅनेजर, टाइम ऑफिसचा माणूस, ठेकेदार आणि बाहेरून बोलावलेला कामगार कायद्याचा सल्लागार.

बैठकीत पहिल्या दहा मिनिटांत कळले की या कामगाराची ईएसआय (कर्मचारी राज्य विमा महामंडळ) नोंदणीच झालेली नाही. नेमणुकीनंतर १० दिवसांत ती व्हायला हवी होती. "दोन महिने टिकला की नंबर काढतो," हा ठेकेदाराचा खाक्या. सप्टेंबरची त्याची १६ दिवसांची मजुरी ५६० रुपये रोजाने ८,९६०. त्यावर मालकाचा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के वाटा मिळून साधारण ३५८ रुपये होतात. एवढ्यासाठी सगळे अडले होते.

ही एकाच ठेकेदाराची खोड नाही. वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीतल्या जखमी कामगारांबरोबर काम करणाऱ्या सेफ इन इंडिया फाउंडेशनच्या अहवालांत हीच गोष्ट वर्षानुवर्षे येते: ईएसआयचे ओळखपत्र अपघातानंतर हातात पडते.

खबर द्यायची ठिकाणे दोन, कायदेही दोन, आणि एकाला कळवले म्हणून दुसरे सुटत नाही. कारखाने अधिनियम, १९४८ चे कलम ८८ सांगते की मृत्यू झाला किंवा जखमी माणूस ४८ तास वा अधिक काळ काम करू शकला नाही, तर कारखान्याच्या मॅनेजरने खबर द्यायची. महाराष्ट्रात ती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला नमुना २४ मध्ये जाते. ईएसआयच्या विनियमांनुसार अपघात वहीत नोंद (नमुना ११) आणि शाखा कार्यालयाला अहवाल (नमुना १२) लागतो, आणि अवयव गेला असेल तर अहवाल लगेच द्यायचा असतो.

टेबलावरचे पर्याय

ठेकेदाराचा प्रस्ताव सरळ होता. दीड लाख रोख, स्टॅम्प पेपरवर सही, विषय संपला. पण कामगार नुकसानभरपाईचा हक्क करार करून सोडता येत नाही. १९२३ च्या भरपाई अधिनियमाचे कलम १७ असा करारच शून्य ठरवते. ईएसआय लागू असलेल्या माणसाचा हक्क तर मालकाकडे नसतोच, महामंडळाकडे असतो. सही घेऊन मालक दीड लाख देणार आणि उद्या कामगार महामंडळाकडे गेला की कागद निरुपयोगी. शिवाय एमएलसी आधीच झाली होती.

दुसरा पर्याय टाइम ऑफिसचा, आणि तो सर्वात जास्त प्रचलित आहे. शुक्रवारी माणसाला रिक्षाने आणायचे, गेटजवळ खुर्चीवर बसवायचे आणि 'हलके काम' म्हणून हजेरी लावायची. मग ४८ तास 'कामावर नव्हता' असे होत नाही, खबरही नको. गेटवर 'अपघातविरहित दिवस ४१२' असा फलक होता आणि ग्राहकाचे ऑडिटर तो बघतात, हे त्यामागचे खरे कारण. असे फलक अपघात थांबवत नाहीत, नोंदी थांबवतात. कलमाचा प्रश्न माणूस आवारात बसला होता का हा नाही, तो काम करू शकत होता का हा आहे. हाताला जाड ड्रेसिंग आणि रक्तात वेदनाशामक असलेला प्रेस ऑपरेटर कोणते काम करत होता, हे निरीक्षकाने विचारले की उत्तर नसते.

तिसरा पर्याय जास्त निसरडा. पोर्टलवर नोंदणी करायची, पण रुजू झाल्याची तारीख अपघाताच्या दिवसाची टाकायची. नोकरी-इजेच्या लाभासाठी आधी वर्गणी भरलेली असण्याची अट नाही, पहिल्या दिवसापासून हक्क मिळतो. त्यामुळे कामगाराचे नुकसान नाही आणि उशिराची भानगडही नाही, असा युक्तिवाद झाला. मालक इथे डळमळला. सल्लागाराने गेट रजिस्टर मागवले. त्यात ३४ दिवसांच्या सह्या होत्या. सप्टेंबरची मजुरी ऑनलाइन त्याच्या खात्यात गेली होती. शाखा व्यवस्थापक चौकशीत पहिल्यांदा हेच दोन कागद मागतो. खोटी तारीख सापडली की उशीर हा उशीर राहत नाही, खोटे निवेदन होते, आणि मग लाभ अडकतो तो कामगाराचा.

उरला चौथा: जे झाले ते, ज्या तारखेला झाले त्या तारखेने, सगळीकडे सारखे लिहायचे. मालकाने तो मानला. सद्सद्विवेकाचा भाग किती हे सांगता येत नाही. एमएलसी आणि भावाचा जबाब आडवे आले होते हे नक्की.

काय केले

गुरुवारी दुपारी आधी एका कोऱ्या कागदावर फक्त तथ्ये लिहून काढली: वेळ, पाळी, प्रेसचा क्रमांक आणि टनेज, ऑपरेशन, पिसाचा क्रमांक, साक्षीदार दोन, कोणता हात, कोणती बोटे, रुजू तारीख, ठेकेदाराचे नाव. पाचही कागद याच्यावरून भरायचे असे ठरले: हॉस्पिटलला द्यायचे पत्र, अपघात वही, नमुना २४, नमुना १२ आणि पोलिसांतला जबाब. अशा प्रकरणांत दावे बहुतेक वेळा कायद्यावर अडत नाहीत, विसंगतीवर अडतात. एका कागदावर वेळ ८.४०, दुसऱ्यावर ९.१५. एकावर 'प्रेस क्र. ६', दुसऱ्यावर 'बेंडिंग मशीन'. एकावर डावा हात. चौकशी अधिकाऱ्याला दोन महिने पत्रव्यवहार करायला एवढे पुरते.

नमुना २४ साठी ४८ तास पुरे होण्याची वाट पाहिली नाही. मॅनेजरचा समज होता की शुक्रवारी रात्री ८.४० पर्यंत कळवायचेच नसते. दुखऱ्या पाठीबद्दल तसे म्हणता येईल, कारण माणूस उद्या येईल की नाही ते ठाऊक नसते. दोन बोटे गेलेला माणूस ४८ तासांत प्रेसवर बसणार नाही हे पहिल्या मिनिटाला कळते. गुरुवारी सायंकाळी ईमेल गेला, शुक्रवारी सकाळी प्रत नेऊन आवक शिक्का घेतला.

खरी ओढाताण 'अपघाताचे कारण' या रकान्यावर झाली. सुपरवायझरच्या मसुद्यात होते: 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे'. सल्लागाराने ते काढून लिहिले: 'पंचाला चिकटलेला पीस हाताने काढताना रॅम खाली आला. त्या वेळी समोरचा गार्ड बसवलेला नव्हता. पेडलवर आच्छादन नव्हते.' मालकाला वाटले हा कबुलीजबाब आहे. आहेच. पण गार्ड नसणे लपत नाही आणि निष्काळजीपणाचा शेरा मालकाला वाचवतही नाही. कलम २१ धोकादायक भागाला आवरण घालण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकते, ऑपरेटर सावध असो वा नसो. नमुना १२ मध्ये कामगार आदेशाविरुद्ध वागत होता का, असा प्रश्न असतो. तिथे 'होय' लिहिण्याचा मोह बहुतेकांना होतो. पण ईएसआय अधिनियमाच्या कलम ५१-ब प्रमाणे आदेश मोडलेला असला तरी कृती मालकाच्या कामासाठीच होती, तर इजा नोकरीतलीच धरतात. चिकटलेला पीस काढणे हे कामच होते. शिवाय चिमटा वापरण्याचा 'आदेश' दाखवायचा तर चिमटा तरी द्यायला हवा होता. त्या प्रेसजवळ तो नव्हता.

ईएसआय नोंदणी खऱ्या तारखेने झाली, सोबत उशिराचा लेखी खुलासा. ठेकेदार वर्गणी भरायला तयार झाला, पण कलम ४० प्रमाणे मुख्य मालकानेच आधी भरायची असते. ठेकेदाराकडून वसुली नंतर. ती कंपनीने भरली. नंबर मिळाल्यावरच नमुना १२ पोर्टलवर चढतो, म्हणून गुरुवारचा अहवाल शाखेत हातोहात दिला आणि पोर्टलवर शनिवारी भरला.

राहिली प्रेस. शुक्रवारी सकाळी ती बंद करून कुलूप लावले, पण तोवर ३६ तासांचे काम तिच्यावर झाले होते. दुसऱ्या पाळीतले लोक सांगत होते की आदल्या आठवड्यात ही प्रेस दोनदा 'डबल मारली' होती, म्हणजे पेडल सोडल्यावरही दुसरा स्ट्रोक आला होता. मेंटेनन्स रजिस्टरमध्ये नोंदही निघाली: 'प्रेस ६, क्लच चेक करणे'. पुढे काही नाही. मालकाने विचारले, हे पान बदलता येईल का. सल्लागार म्हणाला, "साहेब, बदलायचं असेल तर मी इथूनच निघतो." रजिस्टर तसेच निरीक्षकाकडे गेले.

डबल स्ट्रोक क्लचची पिन, 'की' किंवा स्प्रिंग झिजल्याने होतो, किंवा ब्रेकचे लायनिंग संपून क्रँक वरच्या बिंदूच्या पुढे सरकल्याने. तपासणी अवघड नाही. डाय काढून रिकामी प्रेस चालवायची, पेडल दाबून लगेच सोडायचे, हे ५० वेळा करायचे आणि प्रत्येक वेळी क्रँक कुठे थांबतो ते खुणेने पाहायचे. इथे ५० पैकी ५० वेळा प्रेस नीट थांबली. अर्थात थांबली, स्प्रिंग नवी होती. जुनी स्प्रिंग भंगाराच्या ड्रममधून गेली ती गेलीच.

निष्पत्ती

निरीक्षक सोमवारी आले. गार्डचे चार कोरे बोल्ट त्यांनी सर्वात आधी पाहिले आणि कधी बसवले ते विचारले. मॅनेजरने खरे सांगितले, नमुना २४ मध्येही तेच होते, म्हणून पुरावा दडपल्याचा सूर अहवालात आला नाही. गार्ड नसलेल्या आणखी दोन प्रेस आवरण बसेपर्यंत बंद ठेवण्याचा आदेश निघाला. कलम २१ च्या भंगाची फिर्याद दाखल झाली. मालकाने गुन्हा कबूल करून दंड भरला. खबर न दिल्याचा आरोप त्यात नव्हता.

पोलिसांनी भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ आणि २८९ खाली सुपरवायझर आणि ठेकेदारावर गुन्हा नोंदवला. तो प्रलंबित आहे. मालकाची मुख्य तक्रार ही की यंत्राचा गार्ड काढायला सांगितले उत्पादनाच्या आकड्याने आणि नाव आले सुपरवायझरचे. तक्रार खरी आहे, पण आकडा ठरवणारा कोण होता हेही त्याला माहीत आहे.

ईएसआयने सात आठवड्यांनी ही नोकरीतली इजा म्हणून मान्य केली. वेळ गेला तो दोन गोष्टींत: नेमणुकीच्या तारखेची पडताळणी आणि केसपेपरवरची ती खोडलेली 'शटर'ची ओळ. कामगार ७८ दिवस कामावर नव्हता. सरासरी रोज ५६०, त्याच्या ९० टक्के म्हणजे ५०४ रुपये, एकूण ३९,३१२. हे पैसे थकबाकीसह डिसेंबरनंतर मिळाले. मधल्या काळात कंपनीने दर आठवड्याला उचल दिली आणि ती परत न घेण्याचे लिहून दिले. वैद्यकीय मंडळाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे तर्जनीच्या दोन पेरांचे ११ आणि मधल्या बोटाच्या दोन पेरांचे ९, असे २० टक्के धरले. म्हणजे ५०४ च्या २० टक्के, रोज १०० रुपये ८० पैसे, महिन्याला सुमारे ३,०२४, आयुष्यभर. ठेकेदाराचे दीड लाख या हिशेबात सव्वाचार वर्षांच्या आत भरून निघतात, आणि मुलगा २४ वर्षांचा आहे.

तो आता कंपनीच्या पटावर तपासणी विभागात आहे. ग्राहकाला कंपनीने स्वतःहून कळवले. ऑर्डर गेली नाही. एक जादा ऑडिट मात्र झाले.

वेगळे काय करता आले असते

सर्वात महागात पडलेला निर्णय बुधवारी रात्री साडेनऊचा. प्रेस बंद ठेवून फोटो काढले असते, क्रँक कुठे थांबला आहे, पेडल, डाय, गार्डची रिकामी भोके, आणि जुनी स्प्रिंग पिशवीत घालून ठेवली असती, तर अपघात पेडलवर पाय पडल्याने झाला की क्लचने डबल मारल्याने, हे कळले असते. आज ते कोणालाच ठाऊक नाही. उपाय दोन्हींचे वेगळे आहेत. पहिल्यासाठी पेडलवर आच्छादन पुरते, दुसऱ्यासाठी क्लचच बदलावा लागतो. कंपनीला दोन्ही करावे लागले.

अपघातानंतर विक्रेत्याने लाइट कर्टन (मध्ये हात आला की यंत्र थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) खपवायचा प्रयत्न केला. पिन क्लचच्या प्रेसवर तो पैशांचा चुराडा आहे, कारण हात दिसला तरी रॅम थांबणार नाही. तिथे बंदिस्त गार्ड आणि बाहेरून सरकवायचा ट्रे, एवढाच खरा उपाय. न्यूमॅटिक घर्षण क्लच (हवेच्या दाबावर चालणारा, फेरी अर्ध्यावर सोडू शकणारा) बसवला तर कर्टन किंवा दोन हातांची बटणे चालतात, पण अंतर मोजून. थांबायला ०.२ सेकंद लागत असेल, तर प्रचलित सूत्राने बटणे धोक्यापासून किमान ५७० मिलिमीटर दूर हवीत (हाताचा वेग सेकंदाला १६०० मिलिमीटर गुणिले ०.२ सेकंद, अधिक २५० मिलिमीटर). ९ पैकी ३ प्रेसवर क्लच बदलले, ६ वर पक्के गार्ड आले. तासाचा आकडा ४२० वरून ट्रेमुळे ५४० वर गेला. ६५० पुन्हा झाला नाही आणि दरही त्याप्रमाणे फेरठरवून घ्यावा लागला.

टाइम ऑफिसने एकच बदल केला, पण मुळाशी जाणारा. ईएसआय नंबराशिवाय गेट पास निघत नाही, बदली कामगाराचाही नाही. पहिल्या महिन्यात ठेकेदाराने तीनदा माणसे गेटवरून परत नेली.

मेंटेनन्स रजिस्टरमधल्या 'चेक करणे' या नोंदीपुढे आता कोणी, कधी, काय केले याचे तीन रकाने आहेत आणि ते रिकामे असतील तर पाळी सुरू करताना ती प्रेस चालू करायची नाही. हा नियम किती पाळला जातो, ते पुढच्या दिवाळीच्या लोडला कळेल.

हे प्रकरण जुन्या कायद्यांखालचे आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० आणि सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाल्या. कलमांचे क्रमांक बदलले, पण अपघाताच्या खबरीची ४८ तासांची कसोटी सुरक्षा संहितेच्या कलम १० मध्ये तशीच आहे. गेटजवळची खुर्ची तिथेही उपयोगी पडणार नाही.